दीडशे प्रश्न आणि एक गणित

मंडळी, आजचा लेख काही जणांना झोंबणार आहे. त्यातले निम्मे आमच्याच नात्यातले असतील. झोंबला तर झोंबू दे, पण शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

हल्ली बारावी सायन्सच्या मुलामुलींना विचारावं, "गणिताचा सराव कसा चाललाय?" तर उत्तर आकड्यात येतं. रोज शंभर प्रश्न. रोज दीडशे प्रश्न. आईवडीलही तोच आकडा अभिमानाने सांगतात, जसं पूर्वी कोणी सूर्यनमस्कारांचा सांगायचं. आणि मग पहिल्या चाचणीत मार्क पडले की तेच आईवडील म्हणतात, "एवढा सराव करून असं कसं झालं हो बाई?"

असं झालं कारण तो सराव नव्हताच. ती ओळखपरेड होती.

ओळखपरेडीत काही जणांना रांगेत उभं करतात आणि साक्षीदाराला विचारतात, यातला कोण? तसे चार पर्याय उभे असतात आणि मुलाने त्यातला एक दाखवायचा. आपल्या एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तेवढ्या वेळात ओळखायला शिकवणं हा क्लासवाल्यांचा धंदा आहे आणि ते तो इमानाने करतात. माझा राग आहे तो आपल्यावर. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून ओळखपरेडीलाच आपण गणिताचा अभ्यास समजायला लागलो, त्यावर.

उदाहरणच घेऊ. कॅल्क्युलसमधलं जुनं, प्रसिद्ध गणित आहे. ३० सेंटिमीटर बाजूचा चौरस पुठ्ठा घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून टाकायचे आणि कडा दुमडून वर उघडी पेटी करायची. किती मोठे चौरस कापले म्हणजे पेटीत जास्तीत जास्त माल मावेल? 'ट्रिक' अशी, की बाजूला ६ ने भागा. ३० भागिले ६, उत्तर ५. दहा सेकंदांत काम फत्ते!

आता हेच गणित वहीत करा. कापलेल्या चौरसाची बाजू क्ष धरली तर पेटीचा तळ (३० − २क्ष) बाजूचा आणि उंची क्ष. घनफळ म्हणजे क्ष गुणिले (३० − २क्ष) चा वर्ग. त्याचं डेरिव्हेटिव्ह काढून शून्य केलं की क्षच्या दोन किमती मिळतात, ५ आणि १५. इथे थांबून विचार करायचा. १५ चे चौरस कापले तर पुठ्ठा उरतो का? नाही. म्हणून ५. घनफळ २००० घनसेंटिमीटर. खात्री करायची तर ४ घालून बघा, १९३६ येतात. ६ घालून बघा, १९४४ येतात. दोन्हीकडे कमीच. म्हणजे शिखर मध्येच आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

याला वेळ लागतो, हे कबूल. पण आता पुठ्ठा चौरस न घेता ४५ बाय २४ चा आयत घ्या. ट्रिकवाला मुलगा काय करेल? ४५ ला ६ ने भागेल, की २४ ला? साडेसात येतात किंवा चार येतात, आणि दोन्ही चूक. वहीत करणाऱ्याला मात्र नवीन काहीच शिकावं लागत नाही. त्याला ५ आणि १८ मिळतात. २४ च्या कडेतून दोन्हीकडे अठरा-अठरा कापता येत नाहीत म्हणून तो १८ सोडतो आणि ५ धरतो. ट्रिक एका गणिताला पुरते, रीत शंभर गणितांना.

इंटिग्रेशनची गंमत तर विचारू नका. 'क्ष गुणिले ई चा क्ष घात' याचं इंटिग्रेशन काढा, असा प्रश्न असतो. हुशार मुलं इंटिग्रेशन करतच नाहीत. चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढतात आणि जुळेल त्यावर खूण करतात. ही युक्ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. उलट उत्तर पडताळून पाहायला यासारखी दुसरी सोय नाही. पण पडताळायला आधी उत्तर लागतं! ज्याने ते स्वतः काढलं त्याला ती पडताळणी. ज्याने काढलंच नाही त्याला ती कुबडी. बोर्डाच्या पेपरात लांब उत्तराचं गणित येतं, समोर चार पर्याय नसतात, आणि मग हा मुलगा कोऱ्या कागदाकडे बघत बसतो. दोन फंक्शनपैकी आधी कोणतं धरायचं हेच त्याला कळत नाही, कारण त्याने एकदाही उलटं धरून पाहिलेलं नसतं. उलटं धरलं की क्ष चा वर्ग येऊन बसतो आणि गणित सुटायच्या ऐवजी वाढत जातं. ते एकदा स्वतःच्या हाताने वाढवून पाहिलं की आयुष्यभर लक्षात राहतं. चुकीची वाट चालून परत येणं हा सरावाचाच भाग आहे, आणि नेमका तोच भाग दीडशेच्या हिशेबात बसत नाही.

दुसरं दुखणं उत्तरसूचीचं. गणित झालं रे झालं की मागचं पान उलटायचं. आता तर पानही उलटावं लागत नाही, मोबाइलने फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर हजर. अहो, गणित हा असा विषय आहे की ज्यात बरोबर-चूक ठरवायला गुरुजी लागत नाहीत. ही केवढी मोठी देणगी! इतिहासात सनावळी पुस्तकातच बघावी लागते. गणितात आपणच आपले परीक्षक होऊ शकतो.

व्हेक्टर घ्या. (१, २, ३) आणि (२, −१, ०) यांचा क्रॉस प्रॉडक्ट काढला, आला (३, ६, −५). हा मूळच्या दोघांना लंब असायलाच हवा. मग डॉट प्रॉडक्ट करून बघा. पहिल्याशी ३ अधिक १२ वजा १५, शून्य. दुसऱ्याशी ६ वजा ६, शून्य. झालं! मधल्या पदाचं चिन्ह चुकवून (३, −६, −५) लिहिलं असतं, तर पहिल्याशीच −२४ आले असते आणि चोर जागेवर सापडला असता. लागले किती, वीस सेकंद. मॅट्रिक्सचंही तसंच. पहिल्या ओळीत २, ५ आणि दुसरीत १, ३. हिचा इन्व्हर्स पहिल्या ओळीत ३, −५ आणि दुसरीत −१, २. गुणाकार करा, युनिट मॅट्रिक्स आली की निःशंक व्हा. मी शाळेत असताना मुलांना हे करायला लावायची तेव्हा "बाई, उत्तर मागे दिलंय की!" असं म्हणणारा एक तरी निघायचाच. मागे दिलंय रे, पण परीक्षेत ते पान नसतं आणि पुढे नोकरीत तर पुस्तकच नसतं.

आणि प्रोबॅबिलिटी. हा धडा तर सूत्रांच्या ढिगाखाली गाडून टाकलाय. एक आजार शंभरात एकाला असतो. चाचणी अशी, की शंभर आजारी माणसांतले ९९ ती बरोबर पकडते आणि शंभर निरोगी माणसांतल्या ९९ जणांना बरोबर सोडते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तुम्हाला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? बेजच्या सूत्रात आकडे घातले की उत्तर मिळतं, एक द्वितीयांश. मुलगा खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जातो. तो दचकत नाही! नव्व्याण्णव टक्के खात्रीची चाचणी आणि निर्णय नाणं उडवल्यासारखा? इथे थांबायला नको का?

थांबून दहा हजार माणसं डोळ्यांसमोर आणा. आजारी १००, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९००, त्यातलेही चुकून ९९ पॉझिटिव्ह. ९९ खरे, ९९ खोटे, म्हणून निम्मे. मग पुढचा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारायचा, की आजार हजारात एकालाच असता तर? करून बघा, शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास उतरते. हे एक गणित ज्याने असं केलं, तो उद्या हातात रिपोर्ट आल्यावर घाबरून न जाता डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारेल. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत आपण सगळेच चाचण्यांच्या कागदांकडे डोळे लावून बसलो होतो, तेव्हा हा विचार किती घरांत झाला?

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप, "आत्या, स्पर्धा आहे. वेग नको का?" हवा ना! पण वेग येतो कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ज्याने पन्नास इंटिग्रेशन पूर्ण सोडवली, त्याला एकावन्नाव्याचा चेहरा बघूनच वाट दिसते. घड्याळ लावून पेपर सोडवायचा सराव शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जरूर करा. पोहायला येण्याआधीच शर्यतीत उतरवू नका, इतकंच माझं म्हणणं. आणि त्या सीईटीच्या मार्कांची फुशारकी मारण्याआधी अभ्यासक्रमातलंच बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन लावून बघा. ५० प्रश्न, प्रत्येकी ४ पर्याय, चुकीला वजा गुण नाहीत. प्रश्न न वाचता डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने साडेबारा प्रश्न बरोबर येतात, म्हणजे शंभरापैकी २५ गुण. तेवढे गुण बाजूला काढून मगच ठरवा गणित किती येतं ते.

दुसरा आक्षेप, "सगळ्यांना कुठे गणितज्ञ व्हायचंय?" बरोबर. मग दीडशे प्रश्न तरी कशाला? थोडंच करायचं असेल तर ते नीट करण्याचं कारण उलट वाढतं.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. "मुलांना वेळच नाही." कॉलेज नावापुरतं, क्लास सहा तास, जाण्यायेण्यात दोन तास, रात्री क्लासचीच टेस्ट. वहीत एकटं बसून एका गणिताशी अर्धा तास झुंजायला जागाच ठेवलेली नाही. पण हे वेळापत्रक आकाशातून पडलेलं नाही. लाखांनी फी भरून आपणच ते विकत घेतलंय. त्यातले दोन तास परत मागायचं धाडस पालकांनीच करायचं आहे, सोळा वर्षांच्या पोराने नव्हे.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात गणितात उत्तम मार्क मिळवणाऱ्या मुली अकरावीच्या दिवाळीपर्यंत म्हणायला लागतात, "मला गणिताचं डोकंच नाही." काल निश्चयक म्हणत होत्या ते आज डिटर्मिनंट झालं, पाठोपाठ फंक्शन आणि लिमिट येऊन आदळले, आणि समजून घ्यायच्या आत रोजचे दीडशे प्रश्न सुरू. त्यातले ऐंशी चुकतात. रोज ऐंशी वेळा 'तू चूक' ऐकल्यावर कोणाचं डोकं शाबूत राहील? मग गणित सोडून बायोलॉजीवर भागवायचं ठरतं. बायोलॉजीची आवड असेल तर आनंदच आहे. पण भीतीपोटी सोडलेलं गणित इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांचं दार बंद करतं, आणि संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संगणक यांची वाटही अवघड करून ठेवतं. त्या मुलीला डोकं नव्हतं असं नाही. तिला कोणी एक गणित शेवटपर्यंत करू दिलं नाही.

मग करायचं काय? फार काही नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. एक कोरी वही आणि पेन घ्या. पेन्सिल नको, चुकलेलं दिसलं पाहिजे. रोज आठ-दहा गणितं, पण पूर्ण. अडलं तर वीस मिनिटं तरी मोबाइलला हात लावायचा नाही. सुटलं की पडताळा घ्यायचा. मग आकडा बदलून बघायचा, चौरसाचा आयत करून बघायचा. जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञाने १९४५ साली गणित कसं सोडवावं यावर पुस्तक लिहिलं, त्यात चार पायऱ्या सांगितल्या आहेत. शेवटची पायरी आहे, सोडवून झाल्यावर मागे वळून पाहणं. आपल्याकडे नेमकी तीच गाळतात. आणि जे चुकलं होतं ते आठवड्याने, न बघता, पुन्हा करायचं. सुटलं तर ते आपलं झालं.

तेव्हा येत्या सुट्टीत घरी भाचा, पुतणी, नातू कोणी आलं की "किती प्रश्न झाले?" असं विचारू नका. "आज केलेलं एक गणित मला समजावून सांग बघू," असं म्हणा. तुम्हाला कॅल्क्युलस येत नसलं तरी चालेल. ते सांगताना अडखळतंय की डोळे चमकतायत, एवढं तर आपल्याला कळतंच ना!