‘चांगली वस्ती’ कुणाच्या बापाची?

दोस्तहो, ‘चांगली वस्ती’ हा शब्द ज्यानं पहिल्यांदा काढला, त्याला धरून एकदा केमच्या ठेसनावर उतरवला पाहिजे. करमाळा तालुक्यातलं आमचं केम. सोलापूर-दौंड लाईनीवर, जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधी. गावाचं नाव आहे ते कुंकवासाठी. इथल्या कारखान्यांतनं निघालेलं कुंकू पोत्यानं, डब्यानं, पुडीनं महाराष्ट्रभर जातं. देव्हाऱ्यात जातं, कपाळावर जातं, उंबऱ्यावर जातं. त्याला दारात कुणी अडवत नाही. कुंकवाला आडनाव नसतं.

खेड्यात वस्ती निवडायची भानगडच नव्हती. बाप जिथं जन्मला तिथंच आपण. गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. म्हणजे आमच्यावरनं गेलेला वारा पाटलाच्या नाकात शिरायला नको. या देशातलं सगळ्यात जुनं टाऊन प्लॅनिंग हेच. ना आर्किटेक्ट, ना नकाशा पास, तरी गावोगाव एकच आराखडा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर. झालं ते बरंच झालं. पत्र्याच्या पाटीवरनं जात गेली. पण पाटी बदलली म्हणून वस्ती काय उठून गावाच्या मधोमध आली नाही.

आता आपल्या पोरांना नोकऱ्या लागल्यात, बँका कर्ज द्यायला लागल्यात, आणि आपल्या घरांत पहिल्यांदाच हा सवाल येऊन बसलाय: घर घ्यायचं कुठं? हा सवाल साधा नाही. आपल्या आधीच्या कुठल्याच पिढीला कुणी हे विचारलं नव्हतं.

माझ्या चुलतभावाचंच घ्या. तात्यांनी, म्हणजे त्याच्या बापानं, 72 च्या दुष्काळात केम सोडलं. गाडीतनं पुणे स्टेशनला उतरले आणि स्टेशनापासून लांब जायला खिशात पैसे नव्हते म्हणून ताडीवाला रोडलाच राहिले. पोरगा तिथल्या एका खोलीत शिकला. आज त्याला कर्ज मंजूर आहे. वहिनींना वाकड-रावेतकडं टॉवरमध्ये फ्लॅट पाहिजे, लेकरांना चांगली शाळा पाहिजे. तात्या म्हणतात वस्तीतच घ्या, स्टेशन हाकेवर आहे, आज ना उद्या इथंही टॉवर येतील. आणि पैसे कमी पडले तर केमचं वतन विका, असंही तात्याच म्हणतात. घरात तीन पार्ट्या. मला विचारलं म्हणून मी बोलतोय, आणि छापायला देतोय, कारण हे एका घराचं भांडण नाही. तुमच्या घरात हे चालू नसेल तर येत्या पाच वर्षांत होईल.

मी त्याच्याबरोबर घरं बघत फिरलो. दलाल फोनवर गोड बोलतो. गाव कुठलं? केम. वा, कुंकवाचं केम! आमच्याकडं तिथलंच असतं. आडनाव काय म्हणालात? आडनाव सांगितलं. मग फोनमध्ये एक बारीकशी शांतता पडते, ती आपल्यातल्या प्रत्येकानं ऐकलेली आहे. मग मालक बाहेरगावी गेलेले असतात. मग टोकन आधीच आलेलं असतं. मग ‘इथं सगळे व्हेजिटेरियन आहेत हो, तुम्हालाच अनकम्फर्टेबल होईल.’ साला, आमच्या आरामाची एवढी काळजी मनूलासुद्धा नव्हती!

याला पुरावा काय, म्हणून आपलेच शहाणे विचारतात. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आजूबाजूच्या शहरांत नेमकं हेच तपासलं होतं, 2015 साली ते ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आलं. भाड्याच्या घरासाठी वेगवेगळ्या नावांनी फोन केले. सवर्ण नावाला दार उघडलं. दलित नावाला बऱ्याचदा बंद, मुसलमान नावाला त्याहून जास्त बंद. पण पुराव्याला दिल्लीला कशाला जायचं? 1917 साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथनं लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. संस्थानचा अधिकारी, आणि डोक्यावर छप्पर नाही.

आणि कायदा? घटनेच्या 15 व्या कलमात दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी, तळी, रस्ते आहेत. पाणवठ्याचं नाव आहे, घराचं नाही. 2005 साली सुप्रीम कोर्टापुढं अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचं प्रकरण आलं. सभासद फक्त पारशीच असतील असा त्यांचा पोटनियम. कोर्टानं तो मान्य केला. संघटना करायचं स्वातंत्र्य आहे म्हणाले. पारशी मूठभर, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण जो तर्क मूठभरांसाठी मांडला तो उद्या कोण वापरणार? ज्यांच्याकडं जमीन आहे, इमारती आहेत, बिल्डर आहेत तेच. अमेरिकेत 1968 साली मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला आणि आठवड्याच्या आत घर विकताना-देताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला. घर नाकारणाऱ्याची मानगूट धरणारा तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडं अजून नाही. आपले किती पुढारी निवडणुकीत हा मुद्दा काढतात? एक नाव सांगा.

तर मग काय, आपलं आपण वेगळं राहायचं? आपल्यात हा वाद जुना आहे आणि तो बाबासाहेबांच्या नावानंच दोन्हीकडनं खेळला जातो. एक म्हणतो, त्यांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. दुसरा म्हणतो, 1942 साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं अस्पृश्यांसाठी वेगळ्या वसाहतींची मागणी केली. दोन्ही खरं आहे. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले, तिथनं दादरला गेले, आणि खेड्यातल्या आपल्या माणसाला सवर्णांच्या मेहेरबानीवर ठेवू नका हेही त्यांनीच सांगितलं. यात विसंगती ज्याला दिसते त्यानं गावकूस पाहिलेलं नाही. गावकुसाबाहेर आम्हाला दुसऱ्यानं बसवलं. वसाहत आम्ही मागितली. दादरला ते स्वतःच्या मर्जीनं गेले. राहायचं कुठं हे आपण ठरवायचं, एवढंच त्यातलं सूत्र.

आणि राजगृहाचं आणखी एक. तिथं नाव लपवलेलं नव्हतं. मुंबईतला माणूसन् माणूस पत्ता सांगत होता, खेड्यापाड्यातली माणसं पायऱ्यांवर येऊन बसत होती. आज आपला एखादा टॉवरात जातो आणि पहिलं काम काय करतो? दारावरच्या पाटीवर नुसतं पहिलं नाव टाकतो. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधनं बेडरूममध्ये, कपाटाच्या आत. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, आणि आपल्या सभांत त्याला टाळ्याही मिळतात. पण तो एकटा गेलाय हो. चाळीस-पन्नास घरांत एक घर, लेकरू खाली खेळायला जातं तेव्हा त्याच्यामागं कुणी नाही. भ्याला असेल. 2020 च्या जुलैत राजगृहावरच जाऊन तोडफोड झाली, तिथं याच्या दाराची काय कथा?

आता दुसऱ्या बाजूचं बोलू, वस्तीतच राहा म्हणणाऱ्यांचं. वस्ती आहे तशी राहणार आहे का?

वरळीची बी.डी.डी. चाळ बघा. 1920 च्या दशकात इंग्रजानं बांधली. 160 चौरस फुटांची खोली, संडास सामाईक, एकेका खोलीत गावाकडनं आलेली दहा-दहा माणसं. आसपास गिरण्या. गिरणीतसुद्धा विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, का तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो आणि तोंड बाटतं. याच वरळीत 5 जानेवारी 1974 ला पँथरची सभा फोडली, पुढं कित्येक दिवस दंगल पेटली. 10 तारखेच्या मोर्चावर वरनं टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. त्याच चाळींचा आता पुनर्विकास चालू आहे. वरळीत 121 इमारती. 14 ऑगस्ट 2025 ला पहिल्या 556 घरांच्या चाव्या वाटल्या. 160 च्या जागी 500 फूट, स्वतःचा संडास, लिफ्ट. ज्या म्हातारीनं आयुष्यभर संडासाच्या रांगेत बालदी धरली तिला ते घर मिळालं याचा आनंद ज्याला होत नाही तो आपला नव्हे. मला झाला.

पण मित्रांनो, वरळीचा भाव काय आहे? त्या 500 फुटांची किंमत ऐकली की पगारदाराची मान फिरते. आज ना उद्या भाव विचारणारा दाराशी येणारच. आणि तो गुंड घेऊन येणार नाही, सूट-बूट घालून चेक घेऊन येईल. त्याच्या आधी येईल मेंटेनन्सचं बिल. लिफ्टचं, पंपाचं, वॉचमनचं. चाळीत भाडं नाममात्र होतं. ज्या घरात एकच पगार, तोही कंत्राटी, तिथं हे बिल दर महिन्याला दार वाजवणार. मग भांडणं, मग बहिणीचा हिस्सा, मग ‘विकून बदलापूरला दोन घेऊ’. जे काम दंगलीला जमलं नाही ते बिलानं होईल. वस्ती आपसूक रिकामी. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली तरी वस्ती हलली नाही. आता तिथंही पुनर्विकास आला आहे, आणि वस्ती ऐन पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. ज्यांच्यावरनं आपण पँथर हे नाव घेतलं ते ब्लॅक पँथर 1966 साली ओकलंड शहरात जन्मले. त्या काळात काळ्या वस्त्यांवर नकाशात लाल रंग मारून बँका कर्ज नाकारत होत्या. 1980 साली ओकलंडमध्ये जवळजवळ निम्मी माणसं काळी होती. 2020 च्या खानेसुमारीत पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरली. गोळ्या घालून कुणी काढलं नाही त्यांना. बाजूला पैसा आला, भाडं वाढलं, घर विकलं, गेले. ज्या रस्त्यावर पँथर पोरांना सकाळचा नाश्ता देत होते त्या शहरात आज त्यांच्या नातवंडांना भाडं परवडत नाही.

म्हणून मी चुलतभावाला काय सांगितलं ते सांगतो. कुणाला पटो न पटो.

ताडीवाला रोडची खोली विकायची नाही. टॉवरात जायचं तर जा, वहिनींचं शाळेचं म्हणणं खोटं नाही, लेकरांनी आपल्यासारखं दिव्याच्या खांबाखाली अभ्यास करावा असं गाणं गाणारे स्वतःची पोरं कॉन्व्हेंटला घालतात. पण खोलीची कागदपत्रं जमव. फोटोपास, लाईट बिल, मतदार यादीतलं नाव, तात्यांच्या नावापुढं वारसांची नावं. वस्तीत सर्व्हे आला की कागद नसलेला पहिला उडतो, आणि ज्याची खोली गेली त्याला वस्तीच्या मीटिंगीत तोंड राहत नाही.

टॉवरात एकटं जायचं नाही. ऑफिसातली, वस्तीतली, गावाकडची तीन-चार घरं मिळून एकाच सोसायटीत बुकिंग करा. चार घरं म्हणजे चार मतं. चार मतांना सेक्रेटरी पण चहा विचारतो. आणि टोकन द्यायच्या आधी एक गोष्ट विचार. कार्पेट एरिया विचारतात, पार्किंग विचारतात, महारेराचा नंबर बघतात, ते सगळं बघच. पण हेही विचार: सोसायटीच्या हॉलमध्ये सत्यनारायण होतो, गणपती बसतो, मग 14 एप्रिलला हॉल मिळेल का? 6 डिसेंबरला? लगेच ‘हो’ म्हणाला तर घर बघायला जा. चाचरला तर त्याचं स्विमिंग पूल, जिम, क्लब हाऊस सगळं त्याच्याकडंच राहू दे. भावाला हे आधी हसण्यावारी वाटलं. त्यानं तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी चाचरले. तिसऱ्या ठिकाणच्या पोरगेल्या सेल्समननं हळूच ‘जय भीम दादा’ म्हटलं आणि सांगितलं, इथं आपली दोन बुकिंगं आहेत. आता तो तिथं घेणार की नाही हे हप्त्यावर ठरेल, हॉलवर नाही, हेही खरं.

राहिलं केमचं वतन. ही जमीन आपल्याला कुणी बक्षीस दिलेली नाही. गावाची वेठ, सांगावे, मेलेली ढोरं, याच्या बदल्यात ती होती, आणि त्या वेठीतनं सुटायला बाबासाहेबांनी 1928 साली कौन्सिलात बिल मांडलं. 1958 च्या कायद्यानं वतन गेलं, जमीन राहिली, ती नव्या शर्तीवर. विकायची तर परवानगी पाहिजे, नजराणा पाहिजे, आणि सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली पाच मुंबईला, दोन मेलेली. या गुंत्याचा कंटाळा आला की आपला माणूस साध्या स्टँपवर अंगठा देऊन मोकळा होतो, आणि घेणारा गावातलाच असतो, तो परवानगीचं आपलं आपण बघून घेतो. शहरातल्या हप्त्याचे पहिले सहा महिने भागतात. सातव्या महिन्यात हप्ता राहतो, जमीन राहत नाही. कर्ज कमी पडत असेल तर दोन खोल्यांच्या जागी एक खोली घ्या. तात्यांना मी सांगितलंय, सही मागायला कुणी आलं तर चहा पाजा, आणि आधी मला फोन करा.