मोटर जळाली की लाइटीला दोष देण्याआधी केबल बघा



उन्हाळ कांद्याचं पाणी ऐन भरात असताना मोटर जळाली की आपण पहिल्यांदा लाइटीला नावं ठेवतो. व्होल्टेज कमी येतो, हे खरंच आहे. पण आलेल्यातले काही व्होल्ट आपणच बारीक केबल टाकून घालवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

डाळिंबवाल्यांना हे लगेच कळेल. लॅटरल लांब आणि बारीक असली की शेवटच्या ड्रिपरला प्रेशर मिळत नाही. वायरीचं तसंच आहे. लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की कमी होतो.

*हिशोब बघा.* 5 एचपीची थ्री फेज सबमर्सिबल 10 अँपिअर घेते असं धरू. पेटीपासून मोटरपर्यंत 300 मीटर, 2.5 एमएमची तांब्याची केबल. एका कोअरचा रोध साधारण 2.2 ओहम. म्हणजे वाटेतच 30-35 व्होल्ट गेले, आणि तिन्ही कोअर मिळून 660 वॉट, पाऊण एचपीहून जास्त, नुसती वायर तापवण्यात गेले. तीच केबल 6 एमएमची घेतली तर हे नुकसान निम्म्याहून कमी होतं.

तुम्ही म्हणाल, व्होल्टेज कमी तर करंटही कमी व्हायला हवा. साध्या हीटरला ते लागू आहे. मोटरला नाही. वर ओढायचं पाणी तेवढंच, म्हणून ती जास्त अँपिअर खेचते. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. 10 चे 12 अँपिअर झाले की वाइंडिंगमधली उष्णता 20 नाही, 44 टक्के वाढते. मोटर जळते ती इथे.

ढिल्या सांध्याचंही तेच. सांध्यात अर्धा ओहम रोध असला तरी 10 अँपिअरला तिथे 50 वॉट उष्णता तयार होते. टेप वितळते ती उगाच नाही.

साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल 2024 पासून सरकार भरतं. म्हणून वायरीत वीज गेली तर आपलं काय जातं, असं वाटतं. पण मोटर भरायचा खर्च आपला, आणि तेवढे दिवस सुकणारा कांदाही आपलाच.

*एवढं करा:*
✅ वायरमनकडून मोटर बंद असताना आणि चालू असताना पेटीवरचा व्होल्टेज मोजून घ्या. चालू केल्यावर फार पडत असेल तर पेटीच्या मागची वायर किंवा डीपीवरचा लोड तपासा.
✅ चालू मोटरचे अँपिअर प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. जास्त असतील तर मोटर बंद ठेवा.
✅ केबल घेताना दुकानदाराला एचपीबरोबर लांबीही सांगा. ॲल्युमिनियम घेत असाल तर तांब्याच्या दीडपटीहून जाड घ्या.
✅ सांधे मेन स्विच बंद करूनच बघा.

केबल एकदाच घ्यायची असते. मोटर मात्र दर हंगामाला भरावी लागते. ठरवा तुम्हीच.