भ्रष्ट पाठ आणि निश्चिंत अभ्यासक

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे मराठीच्या प्रत्येक वर्गात सांगितले जाते. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते तडीस नेले, हेही योग्य त्या अभिमानाने सांगितले जाते. आणि त्याच विभागात माध्यमांतराच्या तासाला ‘सिंहासन’ दाखवायचा झाला, की कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीचे बोधचिन्ह मिरवणारी, कडा कापलेली, कुणी कशावरून उतरवली याचा पत्ता नसलेली प्रत पडद्यावर येते. पोथी हाती येताच ‘ही प्रत कोणती?’ असे विचारणारा अभ्यासक येथे मात्र गप्प असतो. या मौनाविषयी आमची तक्रार आहे.

तक्रारीचे निमित्त म्हणजे ब्लू-रे या तबकडीची चाललेली उतरंड. सॅमसंगने २०१९ साली अमेरिकेच्या बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणे थांबवले. नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठवण्याची आपली मूळ सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. चित्रपटांच्या छापील तबकड्या अजून निघतात, पण त्या आता संग्राहकांसाठी. जगात एका माध्यमाचा उत्तरकाल सुरू झाला आहे आणि मराठी चित्रपटाच्या वाट्याला त्याचा पूर्वकालही धडपणे आला नाही. याची खंत चित्रपटव्यवसायाला नसेल तर एक वेळ समजू शकते. साहित्याच्या अभ्यासकांनाही ती नसावी, हे आम्हाला समजत नाही.

मुलुंडचेच उदाहरण घेऊ. नाटकासाठी येथे महाकवी कालिदास नाट्यगृह आहे, वाचनासाठी महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे. २००० नंतरच्या दशकात दर दोन गल्ल्यांआड सीडी भाड्याने देणारे दुकान होते. मराठी नाटकांच्या व्हीसीडी घरोघरी होत्या आणि अमेरिकेतल्या लेकीसुनांच्या सामानात भाजणीच्या डब्याशेजारी त्या जात होत्या. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याचाही प्रश्न उरला नाही. (ही कंपनी पुढे बुडाली; २०१८ साली तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.) मराठी प्रेक्षक तबकडी विकत घेतच नाही, हे विधान म्हणून खरे नाही. तो घेत होता. मात्र आपण घेतो ती प्रत चांगली असावी, असे त्याला कुणी सांगितले नाही. हे सांगणे ज्यांचे काम होते, ते स्वतःच २८ रुपयांच्या प्रतीवर संतुष्ट होते. मुलुंडच्या दुकानांतून आणि मॉलमधून हिंदी-इंग्रजी ब्लू-रे दिसू लागल्या, तेव्हाही त्यांत मराठी नाव आमच्या दृष्टीस कधी पडले नाही. आणि ते का नाही, असे विचारणाराही कुणी भेटला नाही.

फरक किती, तो आकड्यांतच पाहावा. व्हीसीडीवरील चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे; आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरील ७२० बाय ५७६; ब्लू-रेवरील १९२० बाय १०८०. डीव्हीडी वाचणारा लेसर तांबडा, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. तरंग जितका आखूड तितके अक्षर बारीक कोरता येते. म्हणून त्याच आकाराच्या तबकडीच्या एका थरावर ४.७ ऐवजी २५ गिगाबाइट मजकूर मावतो. २००६ साली हे तंत्र बाजारात आले. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी मागे घेतली आणि स्पर्धा संपली. चित्रपटगृहातील प्रतीच्या जवळपास जाणारी आवृत्ती सामान्य वाचकाच्या (आम्ही हेतुपुरस्सर ‘वाचक’ म्हणतो) कपाटात प्रथमच येऊ शकत होती.

यावर आमचे सहव्यवसायी हसून म्हणतात, ‘गोष्ट कळली ना? मग झाले.’ या एका वाक्यात मराठी चित्रपटसमीक्षेचे सारे दैन्य सामावले आहे. कवितेचा सारांश म्हणजे कविता नव्हे, हे विद्यार्थ्याला शिकवायचे आणि चित्रपटाचा सारांश म्हणजे चित्रपट, असे स्वतः मानायचे. ‘बनगरवाडी’ची गोष्ट माडगूळकरांच्या कादंबरीत आहेच. अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट पाहायचा तो माळरान आणि त्यावरचा माणूस यांचे प्रमाण पाहण्यासाठी. दूरदृश्यात माणूस चौकटीच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढा असेल, तर व्हीसीडीवर त्याच्या वाट्याला जेमतेम १४ रेषा येतात आणि ब्लू-रेवर ५४. चौदा रेषांत माणसाचा ठिपका होतो. मग तो चालतो आहे की थबकला आहे, पाठमोरा आहे की सन्मुख, यावर विद्यार्थ्याने काय लिहावे?

‘सिंहासन’च्या अखेरीस निळू फुल्यांचा दिगू टिपणीस वेड्यासारखा हसतो. ते हसणे कुठे संपते आणि रडणे कुठे सुरू होते, हे ठरवता येऊ नये अशीच त्या दृश्याची घडण आहे. साहित्याच्या भाषेत ही संदिग्धता. ती अर्थ वाढवते. फुटक्या, धुरकट प्रतीत चेहराच दिसत नाही, ती अस्पष्टता. ती अर्थ खाऊन टाकते. या दोहोंत भेद करता न येणाऱ्याने समीक्षा कशाची करायची?

अपपाठांचे प्रकारही पोथ्यांसारखेच आहेत. जुन्या चित्रपटाची सुमारे ४:३ प्रमाणाची चौकट आजच्या १६:९ पडद्यावर ‘भरून’ दाखवली, की उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेल्या ‘संत तुकाराम’ची अशी प्रत म्हणजे दर चौथी ओळ गाळलेली गाथा. सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेला चित्रपट पाल पद्धतीत बहुधा २५ च्या वेगाने पळतो. त्यामुळे दोन तासांच्या चित्रपटातली सुमारे पाच मिनिटे नाहीशी होतात आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. ब्लू-रेवर मूळ २४ चा वेग राखता येतो. संपादकाचा अतिउत्साह येथेही असतो: काही ब्लू-रेंवर फिल्मचे कण इतके घासून काढलेले असतात, की चेहरे मेणाचे दिसतात. तेव्हा ब्लू-रे म्हणजे प्रमाण प्रत, असे आम्ही म्हणत नाही. प्रत तपासून घ्यावी, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप असा, की ही श्रीमंतांची चैन आहे. प्लेअर आणि तबकड्या महाग होत्या, क्षेत्रनिर्बंधाचा जाच होता, हे मान्य. पण ज्ञानकोशही प्रत्येकाने घरी घ्यावा अशी अपेक्षा कधी नव्हती. तो ग्रंथालयाने घ्यायचा असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत आळशी: ‘आता सारे ऑनलाइन आहे.’ तेथे चित्रपट आपला नसतो. करार संपला की तो निघून जातो आणि कालचा संदर्भ आज तपासता येत नाही. दर्जाचे म्हणाल, तर नेटफ्लिक्स १०८० रेषांच्या चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट वेगाची जोडणी पुरे म्हणते, तर ब्लू-रेवरील चित्राला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते. रेषा तेवढ्याच, मजकूर कमी.

हे सारे मराठीला न पेलणारे होते काय? सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या जमेल तितक्या वाचवून, उरलेला भाग इतर प्रतींवरून पुरा करून, क्रायटेरियनने २०१५ साली ब्लू-रे काढली आणि जुळणी कशी केली तेही सोबत दाखवले. संपादकाची प्रस्तावना म्हणतात ती हीच. पुण्यातही ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे त्या आगीत गेली. त्यानंतर मराठीच्या किती विभागांनी उरलेल्या प्रतींची विचारपूस केली?

म्हणून तीन मागण्या. शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या प्रत्येक चित्रपटाची उच्च दर्जाची, उपशीर्षकांसह प्रत अभ्यासकाला पाहता येईल अशा सार्वजनिक संस्थेत ठेवणे ही अनुदानाची अट असावी. ग्रंथांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचा कायदा १९५४ पासून आहे; चित्रपट त्याच्या कक्षेत येत नाहीत. दुसरी: साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून ग्रंथांना आधार देत आले आहे; त्याने साहित्यकृतींवरील निवडक चित्रपटांच्या, संपादकीय टिपणासह, आवृत्त्या काढाव्यात. त्या तबकडीवर असोत वा अन्य साधनावर. ग्रंथालयाला विकत घेऊन कायम ठेवता याव्यात, एवढेच पाहावे.

तिसऱ्या मागणीला पैसा लागत नाही. प्रबंधात वा उत्तरपत्रिकेत चित्रपटाचा दाखला देणाऱ्याने कोणती प्रत पाहिली, तिची लांबी किती, चौकटीचे प्रमाण काय, हे लिहिणे विभागांनी सक्तीचे करावे. पुस्तकाची आवृत्ती आणि पृष्ठ न देणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतोच. हा नियम येत्या सत्रापासून लागू करता येईल. त्याला ना शासननिर्णय लागतो, ना प्लेअर.