‘रंग जरा दबा हुआ है’

रविवारी दुपारी धुळ्याहून पाहुणे आले. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून जळगावच्या त्यांच्या घरी तिच्या अब्बांनी मलाही बोलावले होते. ‘टीचर रहेंगी तो जरा वजन पडेगा,’ असे ते म्हणाले होते. सरबत झाले, नानखटाई झाली, मुलगी सलाम करून आत गेली. मुलाच्या आईने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, ‘लडकी अच्छी है, सलीका भी है. बस, रंग जरा दबा हुआ है.’

खोलीत कुणीच काही बोलले नाही. मीही बोलले नाही. मग तिचे अब्बा उठले आणि आतून तिची चित्रे घेऊन आले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांची ‘ए’ श्रेणीची सर्टिफिकेटे त्यांनी पाहुण्यांच्या पुढे मांडली. ‘बच्ची के हाथ में बहोत हुनर है,’ ते पुन्हा पुन्हा सांगत होते. माल वजनात कमी भरला की दुकानदार वरून मूठभर टाकतो, तशी ती चित्रे त्या बैठकीत टाकली जात होती. आतल्या खोलीत मुलगी हे सगळे ऐकत होती.

वाचकहो, या रिश्त्याची बात मुलानेच घरी काढली होती. दोघांची ओळख कॉम्प्युटर क्लासमधली. दोन वर्षे त्याने तिला रोज पाहिले होते आणि तिचा रंग त्याला ठाऊक होता. त्या दिवशी मात्र त्याने मान वर केली नाही. आठ दिवसांनी निरोप आला, ‘इस्तिखारा ठीक नहीं आया.’ अल्लाहकडे मागितलेल्या सल्ल्याच्या आड आपण आपली नावड किती वेळा लपवली आहे, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

मी या लेखात दुसऱ्यांना बोल लावणार आहे, म्हणून आधी माझे सांगते. माझाही रंग ‘दबा हुआ’च. मी बी.एड.ला गेले तेव्हा एक नातेवाईक बाई अम्मीला म्हणाल्या होत्या, ‘पढ लेने दो. सूरत नहीं तो नोकरी तो रहेगी.’ मला ते बोलणे झोंबले, पण मनात कुठेतरी पटलेही. माझी पदवी म्हणजे माझ्या रंगाची भरपाई आहे, असे मी कित्येक वर्षे धरून चालले. वर्गातल्या सावळ्या मुलींनाही मी तेच शिकवले. ‘पढाई में ध्यान दो, रंग कौन देखता है!’ हे खोटे होते. सगळेच पाहतात आणि मुलींना ते माझ्याआधी कळलेले असते.

आपल्या समाजात वर्णभेद नाही, असे आपण छातीठोकपणे सांगतो. दाखला म्हणून हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव घेतो. हबशी वंशाचे, गुलामीतून सुटलेले, इस्लामचे पहिले मुअज्जिन. मक्का फतह झाली तेव्हा काब्याच्या छतावर चढून त्यांनी अजान दिली. अखेरच्या हजच्या खुतब्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर वरचढपणा नाही, तो फक्त तकव्याने आहे, असे बजावले. हे सारे आमच्या चौथीच्या मुलांनाही पाठ आहे. ज्या जुम्याला हे ऐकायचे, त्याच संध्याकाळी बायोडाटावर ‘रंग साफ’ असे लिहायचे, हा कुठला न्याय?

हदीसमध्ये हजरत अबूजर (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले. तो टोमणा काळ्या रंगाचा होता आणि ज्यांना मारला ते हजरत बिलालच होते, असे भाष्यकार सांगतात. तेव्हा प्रेषितांनी अबूजर यांना सुनावले की, तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. एवढ्या थोर सहाबींची गय झाली नाही. मग धुळ्या-जळगावच्या बैठकीत तोच टोमणा मारणाऱ्या आपल्यासारख्यांची काय पत्रास?

आणखी एक गोष्ट मला टोचते. आपल्याला बिलाल आठवतात, उम्मे ऐमन (रजि.) आठवत नाहीत. त्याही हबशी. त्यांचे नाव बरका. लहानपणी आई गेल्यावर प्रेषितांना ज्यांनी सांभाळले, ज्यांना ते आईचा मान देत, त्या याच. त्यांचा निकाह हजरत जैद यांच्याशी झाला आणि त्यांचे सावळे पुत्र उसामा कोवळ्या वयात लष्कराचे सेनापती झाले. किती मुलींची नावे आपण ‘बरका’ ठेवली? काळा पुरुष शूर असेल, इमानदार असेल तर आपण त्याला डोक्यावर घेतो. मलिक अंबरचेच पाहा. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याचा मकबरा आपण अभिमानाने दाखवतो. पण काळी बाई समोर आली की आपला अभिमान आटतो. काळ्या पुरुषाचा पराक्रम इतिहासात शोभतो, काळी सून मात्र घरात शोभत नाही!

कापूस आणि केळी पिकवणाऱ्या आपल्या खानदेशात शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटरवर. दरवर्षी आमच्या शाळेची सहल तिथे जाते. पहिल्या लेण्यात एक सावळी राजकन्या रंगवलेली आहे. दीड हजार वर्षे झाली, तिचे सौंदर्य पाहायला जग येते. आमच्या मुली तिच्यासमोर उभ्या राहतात, बाहेर येतात आणि मोबाइलवर स्वतःचा फोटो गोरा करून घरी पाठवतात.

१९८२ साली याच जळगावात मुस्लिम स्त्रियांना सिनेमागृहात जायला बंदी घालण्यात आली होती. रजिया पटेल या तरुणीने त्याविरुद्ध आंदोलन उभे केले. तेव्हाचा वाद बाईने काय पाहावे याचा होता. आज सिनेमा प्रत्येकीच्या मुठीत आहे, पण बाईकडे कसे पाहिले जाते, याचा वाद कुणीच घालत नाही. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. कंपनीने डबीवरचे नाव बदलले. आपण तर बायोडाटावरचा शब्दही बदलला नाही.

तो रिश्ता मोडल्यावर पंधरा दिवसांनी मुलगी शाळेत मला भेटायला आली. हातात एक कागद होता. तिने स्वतःचे चित्र काढायला घेतले होते. ओढणी रंगवून झाली होती, मागची खिडकी झाली होती. चेहऱ्याची जागा कोरी. म्हणाली, ‘टीचर, मेरा रंग डिब्बे में नहीं है. कैसे बनाऊं?’ रंगांच्या डबीत जी गुलाबीसर कांडी असते तिला आपण सर्रास ‘स्किन’ म्हणतो. ती कुणाची स्किन, हे मी कधी विचारले नव्हते. माझ्या बी.एड.मध्ये याचे उत्तर नव्हते.

हाच प्रश्न फार दूरच्या एका मास्तरणीला पडला होता. फेथ रिंगगोल्ड ही काळी मुलगी १९३० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मली. तिला चित्रकलेची पदवी हवी होती, पण सिटी कॉलेजात त्या वेळी मुलींना त्या शाखेत घेत नसत. शिक्षिका होण्यासाठी मात्र घेत. ती त्या दाराने आत गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर बी.एड.च्या दाराने! लहान वयात एका संगीतकाराशी लग्न केले, दोन मुली झाल्या, संसार मोडला. १९५५ पासून १९७३ पर्यंत तिने सरकारी शाळांत शिकवले आणि मुली सांभाळून चित्रे काढली. १९६२ मध्ये तिने दुसरे लग्न केले. चित्र त्याआधीही सुटले नव्हते, नंतरही सुटले नाही.

कॉलेजात तिला युरोपच्या चित्रकारांची नक्कल करायला शिकवले होते. काळी कातडी कशी रंगवायची, हे कुणी शिकवले नव्हते. १९६७ ते १९६९ या काळात तिने ‘ब्लॅक लाइट’ ही चित्रमाला केली आणि आपल्या रंगांतून पांढरा काढूनच टाकला. गडद रंगांतूनच उजेड काढायचा, असे तिने ठरवले. १९७० मध्ये काळ्यांना आणि बायकांना जागा न देणाऱ्या संग्रहालयाविरुद्धच्या निदर्शनांत ती उतरली. १९८० मध्ये आईच्या साथीने तिने पहिली गोधडी शिवली. गुलामीत असलेली तिची खापरपणजी मालकांसाठी गोधड्या शिवायची. नातीने त्याच टाक्यांत आपल्या माणसांच्या कहाण्या शिवल्या आणि त्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. २०२४ साली ती वारली.

कुणी म्हणेल, अमेरिकेचे आम्हाला काय सांगता? मग जवळचे पाहा. बेळगावच्या खाली, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्टीत सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी झुगारून पळालेले आफ्रिकन. बोली कोकणी, तीत मराठी-कानडीची मिसळ. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि हल्याळकडे मुसलमानही आहेत. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. नक्षी आधी आखत नाहीत. कोपऱ्यापासून टाका धरतात, कडेकडेने फिरत मध्यावर येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या तिकोनी ‘फुला’ लावतात. फुलांशिवाय कवंदी म्हणजे उघडी-नागडी, असे त्या मानतात. परदेशातल्या प्रदर्शनांत या कवंद्या लागल्या आहेत. आपल्याकडे तीच वस्तू ‘गुदडी’ होऊन ट्रंकेत पडते आणि शिवणारीला कलावंत म्हणायचे कुणाला सुचत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला, चेहऱ्याचे चित्र काढणे कितपत जायज? उलेमांत याविषयी मतभेद आहेत आणि ज्याला जे मत पटेल त्याने ते पाळावे. पण मुलीने कागदावर काढलेल्या चेहऱ्यासाठी फतवा शोधणारे लोक तिचा फोटो गोरा करून सासरी पाठवताना कुणाला विचारतात? तो तर उघड धोका आहे. दुसरा आक्षेप, पसंती ज्याची त्याची. कबूल. पण एकाच शहरात, एकाच मोहल्ल्यात, एका पाठोपाठ एक सगळ्यांचीच पसंती एकाच रंगावर येऊन थांबते, तेव्हा तिला पसंती म्हणायचे की जाहिलियत?

माझे म्हणणे एवढेच आहे. हुनर ही रंगाची भरपाई नव्हे. मुलगी चित्र काढते कारण तिला ते दिसते आणि ते काढल्याशिवाय तिला राहवत नाही. सासूला खूश करण्यासाठी ती कला नाही. आई-बापांनो, मुलीची चित्रे जहेजाच्या यादीत टाकू नका. तिला कलाशिक्षक पदविकेचा फॉर्म भरून द्या. जवान मुलांनो, दोन वर्षे ज्या चेहऱ्याकडे आनंदाने पाहिलेत, त्या चेहऱ्यासाठी दोन मिनिटे तोंड उघडायची हिंमत ठेवा. नाही तर प्रेमाचे नाव घेऊ नका. इमाम साहेबांनो, बिलाल यांच्याबरोबर उम्मे ऐमन यांचेही नाव खुतब्यात येऊ द्या आणि निकाहाच्या वयाच्या मुलांना समोर बसवून येऊ द्या. आम्हा शिक्षकांनी त्या गुलाबी कांडीला ‘स्किन’ म्हणणे उद्यापासून बंद करावे.

त्या दिवशी आम्ही दोघी रिकाम्या वर्गात बसलो. तपकिरी घेतला, थोडा निळा, थोडा तांबडा. पहिल्यांदा चिखल झाला, दुसऱ्यांदा राख. पांढरा घालू का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘नको टीचर, पांढरा नको.’ तिने रिंगगोल्डचे नावही ऐकलेले नव्हते. पाचव्या-सहाव्या वेळी तिने आपला हात कागदाशेजारी ठेवून पाहिला आणि चेहरा भरायला घेतला.

आता तिच्यासाठी दुसरा रिश्ता येतो आहे, पारोळ्याहून. अब्बांनी मला पुन्हा बोलावले आहे. मी जाणार आहे. या वेळी चित्रे बैठकीत आणू देणार नाही आणि कुणी रंगाचे काढले तर मागच्यासारखी गप्पही बसणार नाही.