नव्या कपाटाचा वास

लखनऊहून अयोध्येच्या रस्त्याने निघालात की चिनहट लागतं. मातीच्या भांड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध. आता तिथेही इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि घरांत एमडीएफ, पार्टिकल बोर्डाची कपाटं आली आहेत. भट्टीत भाजलेल्या बरणीला असा वास येत नाही. नवं कपाट उघडलं की मात्र नाक चुरचुरतं, डोळ्यांत पाणी येतं. तुम्हालाही हा अनुभव आला असेल.

हा वास कशाचा?

लाकडाचा चुरा यूरिया-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवून असे बोर्ड बनवतात. त्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू कितीतरी महिने हळूहळू बाहेर पडतो. त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो, दमेकऱ्यांना अधिक त्रास होऊ शकतो. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं. घरातल्या हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने तो दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तो मोजतात कसा?

युरोपीय पद्धतीत बोर्डाचा तुकडा बंद पेटीत ठेवतात. तापमान २३ अंश, आर्द्रता ४५ टक्के आणि तासाला एकदा पेटीतली सगळी हवा बदललेली. त्या हवेत वायू दर घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमपर्यंत भरला, तर बोर्ड ‘ई-१’ दर्जाचा.

गोम इथेच आहे. चिनहटला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात हवा दमट होते. ऊन आणि ओल वाढली की गोंद जास्त वायू सोडतो. त्यात एसीसाठी खिडक्या बंद! म्हणजे शिक्का कामाचा आहे, पण तो पेटीतला निकाल आहे, तुमच्या मुलांच्या खोलीतला नाही.

तुम्ही काय करू शकता?

▪ खरेदीआधी ‘ई-१’ किंवा त्याहून कमी वायू सोडणारा ‘ई-०’ दर्जा लेखी मागा.

▪ प्लायवूड घेताना चौकशी करा. ‘एमआर’ प्लायमध्ये सहसा यूरियाचा गोंद असतो. ‘बीडब्ल्यूपी’मधला फिनॉलचा गोंद बराच कमी वायू सोडतो.

▪ कपाटाची मागची बाजू, कडा आणि भोकं उघडी असतील, तर सुताराकडून लॅमिनेट किंवा पट्टी लावून बंद करून घ्या.

▪ नवं फर्निचर आल्यावर पहिले काही आठवडे कपाटाची दारं उघडी ठेवा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळू द्या. बाळाची खोली तर आधीच तयार करून ठेवा.

▪ अगरबत्तीने वास झाकू नका. तिच्या धुरातही फॉर्माल्डिहाइड असतो.

▪ स्वस्त मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. अत्तर किंवा सॅनिटायझरच्या वाफेनेही तो चढतो.

माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतोच. मग वर्षानुवर्षं ज्याच्या शेजारी झोपायचं, त्या कपाटाचीही चौकशी करायला नको का?