फोनची बाहुली



आपल्या डोळ्याला बाहुली असते, तशी फोनलाही असते बरं का! विश्वास नाही बसत? मग आई-बाबांना विचारून त्यांचा फोन घ्या. सेटिंगमध्ये ‘ऑटो ब्राइटनेस’ चालू आहे ना, ते पाहा. फोन उजेडात धरा आणि समोरच्या कॅमेऱ्याजवळची जागा अंगठ्याने झाका. मनात दहापर्यंत आकडे मोजा. पडदा मंद झाला? आता अंगठा काढा. पुन्हा उजळला!

तिथे एक इवलासा सेन्सर दडलेला असतो. त्याच्यावर उजेड पडला की विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो. उजेड जास्त, तर प्रवाह जास्त. फोन तो मोजतो आणि त्याप्रमाणे पडदा उजळवतो किंवा मंद करतो. उजेडाचं माप म्हणजे लक्स. मे महिन्यात भर दुपारी आपल्या मुळशीतल्या भातखाचरात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. वर्गात तो काहीशे लक्सच भरतो. म्हणून उन्हात फोनला सगळा जोर लावावा लागतो. तोच उजेड अंधारात डोळ्यांना खुपतो.

आपली बाहुली भर उन्हात साधारण २ मिलिमीटरची असते. अंधारात ती ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. पण तेवढ्याने भागत नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. झगझगीत पडदा पाहिला, की ती सगळी कमाई गेली!

आता विचार करा. पावसाळ्याची रात्र आहे, वीज गेली आहे. फोन बघता बघता कुणी तसंच अंगणात उतरलं, तर पायाजवळची घोणस किंवा मण्यार दिसेल का? तेव्हा रात्री पडदा मंद ठेवा आणि टॉर्च घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका.

पालकांनाही एक सांगणं. फोनची बॅटरी सर्वांत जास्त खाणाऱ्यांत पडदा असतो. वीज नसेल तेव्हा तो मंदच ठेवा. वेळ आलीच, तर १०८ नंबर फिरवायला चार्जिंग उरलं पाहिजे ना! आणि फोनच्या बाहुलीवर जाड कव्हर किंवा स्टिकर आलेलं नाही ना, तेही बघा. नाहीतर बिचाऱ्याला दिवसाही रात्रच वाटायची!

मुलांनो, काही फोनमध्ये ही बाहुली पडद्याखाली लपलेली असते. तुमच्या घरच्या फोनमध्ये ती कुठे आहे? शोधा आणि चित्र काढून वहीत दाखवा.