स्पर्धा तुरीच्या रानात व्हावी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः आराखडा करून स्वतःच वाहन बांधावे, अशी ‘बाहा’ स्पर्धा 2007 साली इंदूरजवळ पिथमपूर येथे सुरू झाली. मूळ पेट्रोल गटात इंजिन सर्वांना एकाच बनावटीचे. फरक पडतो तो सांगाडा, गिअर आणि बांधणी यांत. अखेरीस खडबडीत वाटेवर चार तासांची दौड. कागदावरचे गणित तेथे उघडे पडते. या शिस्तीचे आम्हांस कौतुकच आहे.

परंतु बीदर-कलबुर्गीच्या विद्यार्थ्याने कसोटीसाठी माळव्यापर्यंत का जावे? 2019 साली भौगोलिक मानांकन लाभलेली कलबुर्गीची तूर त्याच्या दारातच उभी आहे. झाड उंच, फांद्या पसरट, शेंगा एकाच वेळी न पिकणाऱ्या. मोठे कापणीयंत्र घालावे तर दाणे गळतात आणि लहान शेतकऱ्यास ते परवडतही नाही. हातचा विळा सुटत नाही तो यामुळेच. बीदरच्या जांभ्यात (आपल्या चिऱ्याचाच तो भाऊबंद) बहामनी काळी खोदलेले भुयारी पाट केवळ उताराच्या अचूक हिशेबावर पाणी वाहून नेत. तो आराखडाही शहराच्या तहानेतूनच निघाला होता.

कलबुर्गीत 1958 पासून पूज्य दोड्डप्पा अप्पा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे विभागीय केंद्रही आहे. त्यांनी तूरकापणीच्या लहान यंत्राची स्पर्धा जाहीर करावी, लोखंडाचा व सुट्या भागांचा खर्च पालकांवर न टाकता स्वतः सोसावा, आणि निकाल शेतकऱ्यांनी, पौषातल्या उभ्या पिकात चार तास यंत्र चालवून द्यावा.